कुळाचा पुरावा आणि वाटेचा खर्च

स्थलांतराचा विषय निघाला की वादाला तोंड कुठून फुटणार हे आता आधीच सांगता येते. एक जण म्हणतो, माणूस जातीचाच भटक्या. आपण सगळे आफ्रिकेतून चालत निघालेल्यांची लेकरे, मग आतला कोण आणि बाहेरचा कोण? त्यावर दुसरा उसळतो, की माती आणि माणूस यांचे नाते जुळायला हजारो वर्षे लागतात, काल आलेल्याने तिच्यावर हक्क सांगू नये. तिसरा जरा अभ्यासू असतो. तो नकाशा पुढे ओढतो, दुष्काळाची वर्षे मोजून दाखवतो आणि जाहीर करतो, की हे सगळे भूगोलच ठरवत आला आहे, तुम्ही उगाच भांडताय. मधूनच एखाद्या प्राचीन सांगाड्याच्या डीएनएची बातमी येते आणि जो तो तिच्यातली आपल्या सोयीची ओळ उचलून नेतो. आर्य बाहेरून आले की नाही या वादात, २०१९ मध्ये, राखीगढी या हरयाणातल्या हडप्पाकालीन स्थळाच्या बाबतीत हेच झाले. तिथल्या एका स्त्रीच्या सांगाड्यात गवताळ स्टेप प्रदेशातल्या लोकांचा अंश सापडला नाही, म्हणून एका बाजूने गुलाल उधळला. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासात तो अंश इ.स.पू. २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात पोचल्याचे दिसले, म्हणून दुसऱ्या बाजूनेही उधळला. ती स्त्री त्याआधीची, हडप्पा संस्कृतीच्या भरातल्या काळातली. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असायला काहीच हरकत नव्हती. पण वाद जिंकायचाच असेल तर तारखा कोण बघतो?

मला तिन्ही बाजूंचे म्हणणे अपुरे वाटते, आणि ते एकाच कारणाने. आपले पूर्वज कुठून आले यावरून आज कोणी कुठे राहावे हे ठरत नाही. ते ना येणाऱ्याच्या बाजूने ठरते, ना अडवणाऱ्याच्या. आणि डोंगर, समुद्र, पाऊस यांवरून माणूस का निघाला हेही कळत नाही. भूगोल ठरवतो तो खर्च: निघण्याचा खर्च आणि जागच्या जागी थांबण्याचाही. तो खर्च कोणाच्या माथी किती पडायचा हे मात्र माणसे ठरवतात. कायद्याने, जमिनीच्या मालकीने, सावकारीने, नात्यागोत्याने. भांडायचे असेल तर तिथे भांडावे.

आधी भटकेपणाच्या बाजूला तिचे देणे देऊन टाकू, कारण ते मोठे आहे. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद इथले आपल्या मानव प्रजातीचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. इस्राएलमधल्या मिस्लिया गुहेतला जबडा जवळजवळ १ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे आफ्रिकेबाहेर पाऊल पडले तेही एकदाच नव्हे. त्या आधीच्या फेऱ्या बहुधा विरून गेल्या; आजच्या बिगर-आफ्रिकी माणसांचा बहुतेक सगळा वारसा ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी निघालेल्या लोकांकडून येतो. आपला जवळचा भाऊबंद चिंपांझी मात्र अजून विषुववृत्तालगतच्या आफ्रिकेतल्या आपल्या पट्ट्यातच आहे. बर्फात, वाळवंटात, चार हजार मीटर उंचीवर आणि महासागरातल्या ठिपक्याएवढ्या बेटावर, सगळीकडे बिऱ्हाड मांडणारा वानरकुळातला प्राणी एकच. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या प्रवासाचा हिशोब कधी मांडून पाहिला आहे का? आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या शिंगासारख्या टोकापासून आशिया ओलांडून, बेरिंगच्या तेव्हाच्या कोरड्या पट्टीवरून अमेरिकेत आणि तिथून थेट दक्षिण टोकापर्यंतची वाट ढोबळ मानाने तीस हजार किलोमीटर धरा. लागलेला काळ पंचेचाळीस-पन्नास हजार वर्षे. वर्षाला पाऊण किलोमीटरही भरत नाही; एका पिढीला पंधरा-सोळा किलोमीटर. ही सरासरी आहे, मान्य. कुठे हजारो वर्षे मुक्काम पडला असेल, कुठे दोन-चार पिढ्यांत एखादा किनारा ओलांडला गेला असेल. ऑस्ट्रेलियाला पोचायला तर उघडा समुद्र पार करावा लागला, तो काही पावला-पावलाने होत नाही. तरीही एकूण चित्र ‘क्षितिजाची ओढ’ असल्या भाषेशी जुळत नाही. जुळते ते साध्या गोष्टीशी: थोरल्याला बापाची दरी पुरली, धाकट्याने शेजारच्या दरीत चूल मांडली. शेतीचा युरोपभर प्रसार झाला त्याचाही वेग असाच, वर्षाला साधारण एक किलोमीटर. ‘आफ्रिका सोडली’ हे वाक्य आपले आहे. ज्यांनी ती सोडली त्यांना आपण काही सोडतो आहोत याचा पत्ताही नसणार. असल्या सरकत्या वस्तीवरून, आज विमानाचे तिकीट आणि बनावट कागदपत्रे यांत आयुष्याची कमाई घालणाऱ्या माणसाचे मन कसे उलगडणार?

भटकेपणाच्या या युक्तिवादात आणखी एक भाबडी आशा दडलेली असते: उगम एक आहे हे पटले की माणसे एकमेकांना सामावून घेतील. न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. तिथले मोरिओरी आणि न्यूझीलंडचे माओरी एकाच पॉलिनेशियन पूर्वजांचे वंशज, फाटाफूट होऊन काही शतकेच झालेली. चॅटमच्या गार हवेत पूर्वजांची उष्ण प्रदेशातली पिके येईनात, म्हणून मोरिओरी शिकार आणि मासेमारीवर राहिले, संख्येने कमी राहिले, आणि आपसात रक्तपात करायचा नाही असा दंडक त्यांनी घालून घेतला. १८३५ मध्ये माओरींच्या दोन टोळ्या एका युरोपीय जहाजातून तिथे उतरल्या. मोरिओरींची सभा बसली. दंडक मोडायचा नाही असे ठरले. पुढच्या काही वर्षांत दीड हजारांहून अधिक मोरिओरींपैकी बहुतेक मारले गेले, गुलाम झाले किंवा रोगाने गेले. १८६२ पर्यंत शंभरेक उरले होते. भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत भांडणासाठी वापरला जातो, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने तरी समान कुळाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

उगमाचा दाखला दाराशी नेला तर काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण मला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दिसते. भगतसिंग थिंड हा पंजाबातून १९१३ मध्ये तिकडे गेलेला तरुण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकी सैन्यात होता. त्याने नागरिकत्व मागितले. कायद्याने परदेशी माणसाला ते मिळायचे तर तो ‘गोरा’ किंवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. नोव्हेंबर १९२२ मध्ये याच न्यायालयाने ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळताना गोरा म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या मानववंशशास्त्राने मानलेला एक वंशगट) असा अर्थ लावला होता. थिंडच्या बाजूने मग सरळ मांडणी झाली: उत्तर हिंदुस्थानातले उच्चवर्णीय आर्य आहेत, आर्य कॉकेशियन आहेत, हे तुमचेच मानववंशशास्त्रज्ञ सांगतात, तेव्हा मी गोरा. त्या काळच्या शास्त्राच्या हिशोबाने युक्तिवाद बिनतोड होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला. तीनच महिन्यांपूर्वीचा ओझावा निकालही त्यांचाच. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा त्याचा मथितार्थ. या निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचेही ते काढून घेतले गेले. जाता जाता सांगायला हवे, की हे सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. थिंडला शेवटी १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, पण ते आर्य कुळामुळे नव्हे. महायुद्धात सैन्यात असलेल्यांसाठी आदल्या वर्षी झालेल्या कायद्याने ते दिले.

थिंडची दया येते, पण त्याचा युक्तिवाद नीट पाहिला तर अंगावर काटाही येतो. ‘मला आत घ्या, कारण मी त्यांच्यासारखा नाही’ असेच तो म्हणत होता. उगमाचा आधार घेतला की ही पाळी येतेच. दार आपल्यापुरते उघडायचे आणि मागच्याच्या तोंडावर लावायचे. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेने १८९० च्या जनगणनेवर बेतून देशोदेशीचा कोटा बांधला. १८९० कशासाठी? त्यानंतर दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक मोठ्या संख्येने आले होते, आणि ते मोजणीत नको होते. कुळाचा इतिहास कुठल्या वर्षापासून मोजायचा, हे ज्याच्या हातात लेखणी तो ठरवतो.

आपल्याकडे हा खेळ दीडशे वर्षे चालू आहे. आर्य बाहेरून आले हे गृहीत १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी शोषणाचा इतिहास उलगडायला वापरले: इराणातून आलेल्यांनी इथल्या कष्टकऱ्यांना दास केले. १९०३ मध्ये टिळकांनी वेदांतल्या दीर्घ उषःकालाच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले, आणि त्यात प्राचीनतेचा अभिमान होता. १९४६ मध्ये आंबेडकरांनी आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांतच पुराव्यावर टिकत नाही म्हणून बाजूला सारला. तिघेही व्यासंगी, तिघांची उत्तरे तीन. आंबेडकरांचे उत्तर उद्या नव्या संशोधनाने दुरुस्त झाले तर महाडच्या चवदार तळ्यावरचा हक्क कमी होईल का? फुल्यांचे गृहीत चुकीचे ठरले तर जातीचा जुलूम झालाच नव्हता असे होईल का? नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. मी म्हणतो, जरूर शोधावे, त्यासारखा मनोरंजक शोध नाही. फक्त त्याच्यावर सातबारा मागू नये.

इथे मातीची बाजू घेणारा मला थांबवेल, आणि त्याचा मुद्दा या सगळ्या वादातला सर्वांत बळकट आहे. तो विचारेल, मग अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे काय? ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे काय? आधी कोण होते याला काही किंमतच नसेल, तर नंतर आलेल्या युरोपीयांनी जे केले त्यात वावगे काय राहिले? प्रश्न रास्त आहे. पण वावगे होते ते उशिरा येणे नव्हे. वावगे होते राहत्या माणसांची जमीन हिसकावणे आणि ती कुणाचीच नव्हती असे कायद्याने म्हणणे. ऑस्ट्रेलियात ही कायदेशीर थाप १९९२ पर्यंत टिकली. ती पडली ती टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर या छोट्याशा बेटावरच्या खटल्याने. एडी माबो आणि त्यांच्या सोबत्यांनी न्यायालयापुढे वंशावळीचे प्राचीनत्व ठेवले नाही. आमच्या बागायतीच्या तुकड्यांना हद्दी आहेत, त्या आम्ही पाळतो, बापाकडून मुलाकडे जमीन जाते, तंटे सोडवायची आमची रीत आहे, हे त्यांनी दाखवले. निकाल जूनमध्ये लागला. माबो त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर माणूस निदान पन्नास हजार वर्षे आहे, पण निकाल फिरला तो या चालू वहिवाटीवर. कोणी म्हणेल हा वकिली बारकावा झाला. मला त्यात सगळा फरक दिसतो. वहिवाट, कष्ट, शेजार, पाळलेले नियम यांवर उभा असलेला हक्क पन्नास वर्षांपूर्वी आलेल्यालाही हळूहळू मिळवता येतो. रक्तावर उभा असलेला कधीच मिळवता येत नाही.

शिवाय रक्ताचा हिशोब मागायला गेले तर मागणाराच अडचणीत येतो. ब्रिटनमध्ये सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी अनातोलियाकडून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडून, सरकत आलेले शेतकरी पोचले आणि तिथले जुने शिकारी जवळजवळ विरून गेले. या शेतकऱ्यांच्या वंशजांनी स्टोनहेंजचे मोठे दगड उभे केले. आणि त्याच सुमारास, साडेचार हजार वर्षांपूर्वी, मुख्य भूमीवरून नवे लोक आले; काही शतकांत ब्रिटनमधला सुमारे नव्वद टक्के वारसा बदलून गेला. आज ‘आमचा प्राचीन वारसा’ म्हणून त्या दगडांसमोर उभा राहणारा ब्रिटिश माणूस वंशाने बहुतांशी दगड उभारणाऱ्यांचा नाही, त्यांची जागा घेणाऱ्यांचा आहे. यात त्याने लाजावे असे काही नाही. वारसा रक्तानेच येतो असे कोणी सांगितले?

आता नकाशावाल्यांकडे वळू. त्यांचेही देणे आहेच. सहारा सुमारे अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वी हिरवा होता. अल्जीरियातल्या तासिली नाज्जेरच्या कातळांवर गुरांचे कळप आणि पाणघोडे रंगवलेले आहेत. पृथ्वीच्या आसाची डुलकी बदलली, पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकला, आणि माणसे पाण्यामागे गेली. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. बेटे जोडली गेली, सामुद्रधुन्या अरुंद झाल्या. इतक्या मोठ्या पटावर आणि इतक्या लांब काळावर पाहिले तर भूगोलाचा शब्द शेवटचा वाटतो. चूक होते ती हा पट तसाच दुमडून एका माणसाच्या निर्णयावर ठेवताना.

एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकी भूगोलवेत्त्याने १९०७ मध्ये मांडले होते, की मध्य आशिया ठरावीक काळाने कोरडा पडतो आणि भुकेले घोडेस्वार टोळ्याटोळ्यांनी बाहेर पडतात. चेंगीझ खानाचे कोडे त्यामुळे सुटल्यासारखे वाटले. पिढ्यान्‌पिढ्या हे लोकांना पटत राहिले, कारण ते ऐकायला अगदी बरोबर वाटते. मग २०१४ मध्ये मंगोलियाच्या खांगाई पर्वतातल्या जुन्या लाव्हाच्या पठारावरील पाइन वृक्षांच्या खोडांतली वलये मोजली गेली; वलय रुंद म्हणजे वर्ष ओले. १२११ ते १२२५, म्हणजे चेंगीझच्या विस्ताराची ऐन वर्षे, ही तिथल्या अकराशे वर्षांतली सर्वांत ओली वर्षे निघाली. गवत मुबलक, म्हणून घोडे मुबलक, म्हणून फौज. दुष्काळ होता तो त्याआधी, टोळ्या आपसात झुंजत होत्या तेव्हा. भुकेने बाहेर ढकलले हे गृहीत होते. वलयांनी दाखवले की सुबत्तेने बळ पुरवले. पावसाने घोड्याला चारा दिला, पण घोड्यावर बसून कुठे जायचे हे पावसाने सांगितले नाही. ओली वर्षे काही एकट्या चेंगीझच्या वाट्याला आली नव्हती.

तरीही कोणी म्हणेल की आयर्लंड बघा, बटाटा कुजला आणि लोक अमेरिकेला गेले, याहून सरळ कारण कोणते? १८४५ मध्ये बटाट्यावर आलेला करपा बेल्जियम आणि हॉलंडमध्येही आला. बेल्जियममध्ये पहिल्या वर्षीचे नुकसान आयर्लंडपेक्षा जास्त होते. तिथे हजारो माणसे दगावली. आयर्लंडमध्ये १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. रोग तोच, हवा जवळपास तशीच. मग फरक कशात? आयर्लंडमधल्या गरिबांचे सगळे पोटच बटाट्यावर होते, आणि तेही निसर्गामुळे नाही. जमीनदारीत कुळांच्या वाट्याला आलेला तुकडा इतका लहान होत गेला, की त्यावर कुटुंब जगवणारे दुसरे पीकच नव्हते. धान्य पिकत होते, ते खंडापोटी जात होते आणि बंदरातून बाहेरही जात होते. त्यात १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेने मदतकार्याच्या कायद्यात एक कलम घातले: ज्याच्या ताब्यात पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. म्हणजे पोरांना सरकारी लापशी हवी असेल तर आधी जमीन सोडा. जमीन सोडली की जमीनदार घर पाडायला मोकळा. आणि घर पडल्यावर उरतो रस्ता.

हा रस्ताही सगळ्यांना नव्हता. जहाजाचे भाडे ज्याच्याकडे होते, ज्याचा भाऊ आधीच बॉस्टनला पोचलेला होता, किंवा ज्याला जमीनदारानेच ब्याद टळावी म्हणून जहाजात कोंबले, तो गेला. गेलेल्यांचेही सगळ्यांचे निभावले असे नाही. क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल या विलगीकरणाच्या बेटावर एकट्या १८४७ मध्ये पाच हजारांहून अधिक आयरिश पुरले गेले. पण ज्याच्या गाठीला काहीच नव्हते तो जागच्या जागी मेला. ‘संकट आले की माणसे निघतात’ या सिद्धांतात ही माणसे कुठे बसवायची? संकट जितके मोठे तितके स्थलांतर मोठे, असा सरळ हिशोब कधीच नसतो. सगळ्यांत गरीब माणूस सगळ्यांत कमी हलतो, कारण वाटखर्च त्याच्याकडे नसतो.

उलट उदाहरणेही पाहिजे तेवढी सापडतील. पॉलिनेशियनांचे पूर्वज सुमारे २८०० वर्षांपूर्वी टोंगा-सामोआपर्यंत झपाट्याने पोचले आणि तिथेच दीड हजार वर्षांहून अधिक काळ थांबले. मग इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या पुढेमागे निघून तीन शतकांत ताहिती, हवाई, ईस्टर बेट, न्यूझीलंड गाठून मोकळे झाले. समुद्र तोच होता. वारे काही काळ अनुकूल झाले असतील, होड्या सुधारल्या असतील, धाकट्या घराण्यांना घरी जागा उरली नसेल. अभ्यासकांचे एकमत नाही, आणि नकाशा पाहून ते होणारही नाही.

भूगोल आणि खर्च यांतले अंतर एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर पूर्व आफ्रिकेतल्या जिबूती देशातले ओबोक हे किनाऱ्यावरचे छोटे गाव पाहावे. समोर बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, जेमतेम तीस किलोमीटर रुंद. साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्यांनी कदाचित इथूनच, तेव्हाच्या आणखी अरुंद पाण्यावरून, अरबस्तान गाठले असावे असे काही संशोधक मानतात. आज याच किनाऱ्यावर इथिओपियाच्या डोंगराळ भागातून चालत आलेले तरुण दलालाच्या होडीची वाट बघतात. त्यांना येमेनमधून पुढे सौदीला जायचे असते, गुरे राखायला, बांधकामावर, घरकामाला. आणि ओबोकलाच मरकझी नावाची निर्वासितांची छावणी आहे; २०१५ मध्ये येमेनमध्ये युद्ध पेटल्यावर तेच पाणी उलट्या दिशेने ओलांडून आलेल्या येमेनींची. एकाच किनाऱ्यावर एक जण जिथून पळून आला तिकडेच दुसरा निघाला आहे. सामुद्रधुनीची रुंदी, वारा, ऊन दोघांनाही सारखेच. एकामागे बॉम्ब आहेत, दुसऱ्यापुढे सौदीतली मजुरी आणि मागे होडीसाठी घेतलेले कर्ज. यातले काय भूगोलाने ठरवले?

संख्येकडे पाहिले तर मुळात आपण प्रश्नच उलटा विचारतो असे दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारी माणसे ३० कोटी ४० लाख होती, जगाच्या ३.७ टक्के. उरलेले ९६ टक्के जिथे जन्मले त्याच देशात आहेत. युद्ध आणि छळामुळे परागंदा झालेले २०२४ अखेर १२ कोटींवर होते, त्यांतले ७ कोटींहून अधिक आपल्याच देशाच्या हद्दीत. जागतिक बँकेने २०२१ मध्ये वर्तवलेला, २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाख लोकांना हवामानामुळे हलावे लागू शकते, हा आकडा भीती घालायला सतत वापरला जातो. तो देशांतर्गत स्थलांतराचा आहे हे सांगायचे मात्र राहून जाते. रॅव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणना चाळून हेच म्हटले होते: बहुतेक माणसे जवळच जातात. १८८९ च्या पुढच्या निबंधात त्याने भर घातली, की जुलमी कायदे, जड कर, वाईट हवा ही सगळी कारणे जमेस धरूनही, चार पैसे जास्त मिळावेत ही इच्छा सर्वांत प्रबळ असते. माणूस जातीचाच भटक्या असेल तर इतके लोक घरी कसे? आणि तो मातीला चिकटलेलाच असेल तर कुंपणे कशासाठी?

यजमान समाजाच्या तक्रारी खोट्या असतात असे मी म्हणत नाही. शाळेतली बाके, भाड्याची घरे, बिगारीचे दर यांच्यावर ताण येतो आणि तो सगळ्यांवर सारखा येत नाही. नव्या मजुराचा फायदा मालकाला होतो, स्पर्धा मात्र शेजारच्या मजुराला सोसावी लागते. ही खरी तक्रार आहे आणि तिला खरे उत्तर हवे. पण ती वंशाची तक्रार नाही, हे अमेरिकेने स्वतःच दाखवून दिले. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीने मैदानी राज्ये उजाड होत असताना कॅलिफोर्नियाकडे निघालेली कुटुंबे त्याच देशाची होती; बहुतेक गोरी, इंग्रजी बोलणारी, प्रॉटेस्टंट. तरी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखाने आपले शिपाई राज्याच्या सीमेवर पाठवले आणि कफल्लक दिसणाऱ्याला परत लावायला सांगितले. निर्धन माणसाला राज्यात आणणे हा तिथे गुन्हाच होता. टेक्सासहून बेकार मेहुण्याला गाडीत घालून आणणाऱ्या एका माणसावर खटला झाला, आणि १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. त्या सीमेवर कुळ कोणी विचारले नाही. खिसा विचारला.

आणि भूगोलाची बाजू जिथे निर्विवाद वाटावी अशा एका जागी काय चालले आहे तेही बघू. तुवालू हा प्रशांत महासागरातला नऊ बेटांचा देश, वस्ती अकरा हजारांच्या आत-बाहेर, सर्वांत उंच जागा पाच मीटरही नाही. समुद्र चढतो आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात करार झाला, ऑगस्ट २०२४ मध्ये तो लागू झाला. त्यानुसार दरवर्षी जास्तीत जास्त २८० तुवालूवासी ऑस्ट्रेलियात जाऊन राहू शकतात, काम करू शकतात, शिकू शकतात आणि वाटेल तेव्हा परतही येऊ शकतात. निवड सोडतीने होते. २०२५ च्या पहिल्याच सोडतीला कुटुंबीय धरून निम्म्याहून अधिक देशाने नावे दिली. २८० हा आकडा समुद्राच्या पातळीवरून काढलेला नाही. शिक्षक, परिचारिका आणि कमावती माणसे एकदमच निघून जाऊन मागे देश रिकामा होऊ नये, म्हणून ती मर्यादा घातली आहे. समुद्र कितीही चढला तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम धरले जाईल, हेही त्याच करारात आहे. या कराराला नावे ठेवता येतील. त्याच कराराने ऑस्ट्रेलियाला तुवालूच्या संरक्षणविषयक करारमदारांत नाही म्हणण्याचा अधिकार मिळाला आहे. तो फुकट दिलेला नाही. मर्यादा वाढवावी का, सोडतीऐवजी आधी सखल बेटांवरच्यांना न्यावे का, सुरुवातीचे घरभाडे कोणी द्यावे, जे मागे राहतील त्यांच्यासाठी भिंत बांधायचा पैसा कोणाचा, यावर तिथे वाद होत राहतील आणि ते व्हायलाच हवेत. तुवालूवासीयांचे पूर्वज तिथे कोणत्या शतकात आणि कुठल्या बेटावरून आले, हा प्रश्न कराराच्या मसुद्यात कोणाला घालावासा वाटला नाही.